दहा ठरले, गोलकीपर अडला

१३ जून २००२, गुरुवार

काल अर्जेंटिना वर्ल्डकपमधून बाहेर. जैतूच्या टपरीवर केबल आहे म्हणून समजलं, नाहीतर आमच्या शेणव्यात कोणाला पडलंय. सगळं गाव क्रिकेटचं. फुटबॉल कळणारे इथे दोघेच, मी आणि देवजी. त्यातही नीट कळणारा एक.

आज ठरवलं. हिंदुस्थानचा आजवरचा सगळ्यात भारी संघ निवडायचा. जुने आणि नवे, सगळे एका तराजूत. मग तो दिल्लीला फुटबॉलवाल्यांकडे धाडायचा, म्हणजे त्यांचे डोळे उघडतील. मदतीला देवजी. अध्यक्ष मी.

संध्याकाळी ७. दहा जण दोन कप चहात ठरले. पाठी जर्नेल, मध्ये चुनी, उजव्या अंगाला पी. के., पुढे विजयन आणि भुतिया. देवजी भुतियाला नको म्हणत होता, जुन्या लोकांच्या एका धक्क्यात पोरगं माळशेजपार जाईल म्हणे. मी समजावलं. जैतू म्हणाला, काका, सचिनला कुठंतरी बसवा ना. बसवला नाही.

राहिला गोलकीपर. त्यात काही विचार करायचा नाही. थंगराज.

१४ जून

देवजी म्हणतो ब्रह्मानंद.

आधी वाटलं थट्टा करतोय. मग शांतपणे सांगितलं की थंगराज म्हणजे काय. मी मुंबईला गोदामावर वॉचमन होतो तेव्हा कूपरेजवर प्रत्यक्ष पाहिलाय. उभा राहिला की गोल बारका वाटायचा. देवजी म्हणाला, मी पण होतो ना रे काळू तुझ्या बाजूला, मधी खांब होता, गोल दिसलाच नाय आपल्याला. खांब होता, मान्य. पण थंगराज खांबाच्या दोन्ही बाजूंनी दिसत होता.

देवजी पुढे चार वर्षं गोव्याला बंदरात कामाला होता. तेवढ्यावर तिथल्या गोलकीपरचा जप, ब्रह्मानंद, ब्रह्मानंद. म्हणे बॉल त्याच्या हाताला फणसाच्या चिकासारखा चिकटायचा. मी एवढंच म्हणालो की गोव्यात माणसं काय पिऊन मॅच बघतात ते मला ठाऊक आहे.

देवजी उठला. कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. एवढ्याशा गोष्टीवर!

१५ जून

देवजीशी बोलणं बंद. राग म्हणून नाही, मी कोणाचा राग धरत नाही. त्याला विचार करायला वेळ दिलाय.

१७ जून

टपरीवर गेलो. देवजी आधीच येऊन गेला होता. माझी आठवण काढली का, असं जैतूला सहज विचारलं. नाय, म्हणाला. म्हणजे देवजीच्या मनात खूपच साठलंय.

जैतूला थंगराज समजावून सांगितला. अर्धा तास. शेवटी त्याने विचारलं, काका, तो बॅटिंगला कितव्या नंबरला यायचा?

देवजी असता तर हसला असता. असो.

१९ जून

बायको रोज विचारते, चिखलणी कधी? बाईजाला दुसरा विषयच नाही. आमचा एक बैल, तांब्या. देवजीचा एक, कवड्या. दर साली दोघांना एका जुवात घालायचं, आधी त्याची भाताची खाचरं पाण्यात नांगरून चिखलायची, मग आमची. मी बाईजाला सांगितलं, देवजी आपणहून बोलल्याशिवाय मी त्याच्या दारात जाणार नाही. हा देशाच्या संघाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, मंग तुमच्या त्या थंगराजलाच जुवाला जुंपा.

बायकांना फुटबॉल कळत नाही. देवजीचीही खाचरं तशीच पडलीत, हे आज येताना बघितलं. माझ्यावाचून त्याचं अडतं. वाईट वाटतं बिचाऱ्याचं.

२२ जून, शनिवार

कोरिया आणि स्पेन. टपरीच्या त्या टोकाला देवजी, ह्या टोकाला मी. मध्ये गावातली पोरं, सगळी कोरियाकडून, का ते त्यांनाही माहीत नाही. पेनल्टी लागल्या. कोरियाच्या गोलकीपरने एक अडवली आणि मी आनंदाने देवजीच्या मांडीवर थाप मारली.

मांडी जैतूची होती. हातातली चहाची किटली सांडली. देवजी तिकडे भिंतीकडे तोंड करून खोकत होता. खोकलाच असावा.

२४ जून

निर्णय झाला. दुसरा बैल आणायचा. देशाचा संघ निवडणाऱ्या माणसाला बैल निवडणं काय जड?

पलीकडच्या पाड्यावर कमळूकडे गेलो. त्याच्या गोठ्यात एक उंच, भरदार गडी, खांदा असा की मागचा उजेड दिसू नये. अगदी थंगराज. कमळू म्हणत होता, आदी माझं ऐकून तर घ्या. मी म्हटलं, ऐकायचं काय त्यात, नजर आहे आपल्याला. दोन दिवसांसाठी घेऊन आलो. उद्या दुपारपर्यंत सगळी खाचरं उरकणार. देवजीने बांधावर उभं राहून बघावं अशी इच्छा आहे.

२५ जून

नजर बरोबर होती. बैलात काही खोट नाही.

फक्त आमचा तांब्या जुवाच्या उजव्या अंगाला चालणारा आणि हाही उजव्याच अंगाचा. डावीकडे जायला दोघेही तयार नाहीत. एका संघात दोन राइट विंगर. एकमेकांना रेटत रेटत नांगर आडवा झाला, जू उभं राहिलं आणि मी चिखलात बसलो.

बांधावर देवजी नव्हता. हिरी होती, देवजीची बायको. म्हणाली, भावजी, ही पेनल्टी हाय का फ्री किक?

हे शब्द हिला कोणी शिकवले? घरात देवजी दिवसभर माझ्याबद्दलच बोलत असणार. बरं वाटलं.

बैल परत नेऊन दिला. कमळू म्हणाला, ह्येच तर सांगत व्हतो. सांगण्याची पद्धत नसते लोकांना.

२७ जून

कंबर धरलीय. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण तो कसं पडलात ते विचारेल.

बाईजा म्हणते रोपं हाताबाहेर चालली, आता आठ दिवसांत ती खाचरात लावून आवणी झाली नाही तर गुरांना घालायची. मला अंगणातून हिरवीच दिसतात. आमचा साईनाथ आसनगावच्या कंपनीत आहे, तो म्हणाला, बाबा, ट्रॅक्टर सांगू का? आमची खाचरं उतारावर, एकेक ताटाएवढं, ट्रॅक्टर पहिल्या बांधालाच बसेल. तसं सांगितल्यावर तो आईकडे बघून हसला. हल्ली हे दोघं फार कुजबुजतात.

जेवायला बसलो. बाईजाने भात वाढला आणि म्हणाली, नीट जेवा, ह्यो मागल्या सालाचा हाय. पुढल्या साली ताटात काय वाढू, तुमचे अकरा गडी?

दुसऱ्यांदा भात मागितला नाही. भात थोडा फडफडीत होता म्हणून.

२८ जून

विचार करतोय. थंगराजबद्दल नाही.

३० जून, रविवार

फायनल. ठरवून गेलो की हाफटाइमला देवजीने विषय काढला तर मान हलवायची. पूर्ण नाही, थोडी. त्याने काढला नाही. माझ्या मागच्याच बाकड्यावर बसला होता. इतक्या जवळ बसण्यामागे त्याचा काहीतरी हेतू असणार. जागा तेवढीच रिकामी होती हेही खरं.

दुसऱ्या हाफमध्ये जर्मनीच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला. सगळा वर्ल्डकप हा माणूस सिद्धगडासारखा उभा होता आणि एक साधा बॉल सुटला. रोनाल्डोने तो आत घातला. पोरं नाचायला लागली. मागून देवजीचा आवाज आला, अरेरे. माझ्याही तोंडून तेच निघालं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मॅच संपली. तो गोलकीपर एकटाच खांबाला टेकून बसला होता. जैतू टीव्ही बंद करायला उठला तर देवजी म्हणाला, ऱ्हाऊ दे रे जरा, त्याला एकट्याला नको सोडू.

संध्याकाळी ८. उद्या सकाळी मीच जाणार. कोणीतरी मोठेपणा दाखवायला हवा आणि तो माझ्याकडेच आहे. सौदा साधा: ब्रह्मानंद घे, कवड्या दे. बैल मी शेतासाठी मागत नाही, बाईजाच्या समाधानासाठी मागतोय. थंगराज समजून घेईल.

१ जुलै, सोमवार

सकाळी उठलो तर घरात कोणी नाही. बरंच झालं, कुठे चाललात विचारायला कोणी नव्हतं.

देवजी ओटीवर एकटाच. मी दम न घेता सगळं सांगून टाकलं. गोलमध्ये ब्रह्मानंद. थंगराज राखीव. गोव्याबद्दल बोललो तेही मागे. देवजीने डोळे मिटले. मग विचारलं, जैतूच्या टपरीवर चारचौघांत बोलशील? बोलेन, म्हटलं. थंगराज पाणी घेऊन मैदानात येईल? येईल, म्हटलं. मनातल्या मनात थंगराजची माफी मागून म्हटलं.

मग तो म्हणाला, कबूल.

मी म्हटलं, तर मग कवड्या सोड, नेतो.

देवजी म्हणाला, कवड्या कुठाय घरी? तुझ्याच खाचरात हाय सकाळपासनं. बाईजा आनि हिरी, ह्या दोघींनी कवाच ठरवलं व्हतं. माझी शेतं तुझ्या साईनाथने काल केली, आपन मॅच बघत व्हतो तवा. आज त्याने रजा टाकलीय, तुझी करतोय. दुपारी आवनीला बाया येतील.

तुला हे माहीत होतं? मी विचारलं. तर म्हणाला, तू इतका मनापासनं बोलत व्हतास, मधी कसं तोडायचं?

म्हणजे बैल माझ्याच शेतात चालत होता आणि मी इथे बसून गोलकीपर देऊन टाकला.

निषेध म्हणून देवजीकडे चहा घेतला नाही. दुसरा. पहिला घेतला.