भिंगरीच्या गांधी आणि माझी वही

२ मार्च, सोमवार

सगळ्यांत आधी कोण टपकलं? शेजारची शिंपीण! लेकाची गाडी दाराशी थांबते न थांबते तोच बाई गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन हजर. "पाहुणे आले वाटतं?" वाटतं काय, डोळे आहेत ना!

पाच महिन्यांनी आलेत. लेक, सूनबाई आणि माझी नात. आठ वर्षांची आहे, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

सूनबाईने गाडीतून स्वतःच्या चादरी काढल्या. उशा काढल्या. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचा डबा. शिंपिणीची भुवई वर. मी म्हटलं, "प्रवासाचं सामान आहे ते." खोटं! गेल्या दोन्ही खेपेला भिंगरीला माझ्याच घरी अंगभर गांधी उठल्या. पहिल्यांदा नुसती खाज. दुसऱ्यांदा ओठ सुजले, श्वास लागला. जाताना सूनबाई म्हणाली होती, "आई, तुमच्या घरात काहीतरी आहे." काहीतरी म्हणजे मीच की! माझा हात, माझं जेवण. साबण बदलला, पांघरुणं बदलली, शेंगदाणे घरातून हद्दपार केले. या वेळी लेकाने फार गळ घातली म्हणून तीन दिवस आलेत. पुन्हा तसंच झालं तर यायचं बंद — असं ठरवूनच. लेकाने कानात सांगितलं.

भिंगरी आल्याआल्या कुत्र्याच्या गळ्यात. फौजदार नाव त्याचं. परका माणूस दिसला की पलंगाखाली!

३ मार्च, मंगळवार

एकही गांध नाही. मोठ्याने बोलत नाही, वहीलाच सांगते.

४ मार्च, बुधवार

आज काय घडलं!

दहाच्या सुमाराला भिंगरी ह्यांच्या मटणाच्या दुकानापाशी गेली, हातगाडीवर चढली, मारली उडी. दांड्यावर पोट आपटलं. रडली थोडी, लगेच हसली. आणि पाव तासात मानेवर, कानांवर, पोटावर गांधीच गांधी! ओठ फुगले. आवाज घोगरा झाला.

सूनबाई माझ्याकडे वळली. "काय दिलंत तिला?"

"अगं, पाणीसुद्धा तुझ्याच बाटलीतलं!"

उचलली आणि धावलो दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्या लेकाच्या वयाची. मांडीत सुई टोचली आणि हळूहळू श्वास मोकळा झाला. मग विचारते, "काय खाल्लं होतं?" सगळे बघतात माझ्याकडे. मी पिशवीतून ही वही काढली आणि टेबलावर ठेवली.

वही भिंगरीनेच दिलेली, वर्षापूर्वी. "आजी, तू बोलतेस तेच लिहीत जा." चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, काय लिहिणार? ती आली की तेच लिहिते — काय खाल्लं, कुठे धडपडली, काय बोलली. डॉक्टरीणबाईने बोट ठेवून ठेवून वाचलं. बिचारीला माझं अक्षर!

"आजी, हे 'कठड्यावरून पडली' कधीचं?"

"गेल्या खेपेचं. त्याच दुपारी गांधी उठल्या."

मागची पानं चाळली. "आणि हे? 'फाटकावर लोंबकळताना पोटावर आपटली'?"

"ते त्याच्या आधीचं."

बाईने वही मिटली. मग भिंगरीला निजवून उजव्या बरगडीखाली हळूच हात फिरवला. दाबलं म्हणावं तर नाहीच. म्हणाली, "हे खाण्याचं दिसत नाही, आजी. पडण्याचं दिसतंय. इथे आत काहीतरी असावं, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. आणि लगेच दुसरा बसला — बरगडीखाली आहे तरी काय?

६ मार्च, शुक्रवार

मोठं हॉस्पिटल. पोटाची सोनोग्राफी. यकृतात पिशवी आहे, संत्र्याएवढी, पाण्याने भरलेली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कुत्र्याच्या आतड्यात एक फितीसारखा किडा असतो, तांदळाच्या कणीएवढा. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर येतात, अंगावरच्या केसांना चिकटतात. पोराने कुत्र्याला कुरवाळलं, तोच हात तोंडात घातला, की अंडं पोटात. मग वर्षानुवर्षं पिशवी वाढत राहते, दुखत नाही की खुपत नाही. मार लागला की त्यातलं पाणी थोडं पाझरतं, रक्तात जातं. शरीराला वाटतं, शत्रू आला! आणि भडकतं. त्याच त्या गांधी.

म्हणजे शेंगदाण्यांचा काही गुन्हा नव्हता. साबणाचा नव्हता. माझा नव्हता!

बाहेरच्या बाकावर सूनबाईने माझा हात धरला. "आई, मी तुमच्या हाताला नावं ठेवली." मी म्हटलं, "ठेव गं, हाताला काय होतंय." दोघी रडलो. समोरचा म्हातारा उठून दुसऱ्या बाकावर गेला.

मग आत पुन्हा बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरच्या कुत्र्याला खायला काय घालता?" हे म्हणाले, "शिजवलेलंच." मी चपलेकडे बघत बसले.

एक गोष्ट आज लिहीत नाही.

९ मार्च, सोमवार

आधी गोळ्या, मग ऑपरेशन, एकोणीस तारखेला. लेक बोलला नाही, सूनबाईने सांगितलं: पिशवी काढताना फुटली, पाणी आत सांडलं, तर सगळं शरीर एकदम भडकू शकतं. टेबलावरच. डॉक्टर तयारीत असतात म्हणे. असोत. माझी तयारी नाही.

आम्हा सगळ्यांचीही तपासणी झाली. कुणाला काही नाही. जनावरांच्या डॉक्टरने फौजदारला गोळ्या दिल्या, दर महिन्याला द्यायच्या. एक गोळी त्याने थुंकली, ह्यांच्या बुटात.

१८ मार्च, बुधवार

भिंगरी विचारते, "आजी, माझ्या पोटात संत्रं आहे, मग साल कुठंय?"

१९ मार्च, गुरुवार

एक थेंब सांडला नाही! डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "स्वच्छ निघाली." एवढंच. हे भिंतीला टेकून खाली बसले. आयुष्यभर सुरा चालवणारा माणूस! मी जिन्यात जाऊन मोठ्याने हसले. एक नर्स धावत आली, तिलाच मिठी मारली.

२२ मार्च, रविवार

आज सूनबाईला सांगितलं. भिंगरी झोपली होती.

दुकानात मेंढी कापली की फुप्फुस, यकृताचे खराब तुकडे उरतात. कत्तलखान्याचे तपासनीस ह्यांना कधीचे सांगून गेलेत: कुत्र्याला कच्चं घालू नका, त्यातूनच किडा होतो. हे मला म्हणायचे, "उकळून घाल." मी हो हो म्हणायचे. एका कुत्र्यासाठी वेगळं पातेलं कोण चढवणार, वास कोण सोसणार! मागच्या दाराने मी कच्चंच टाकायचे. सहा वर्षं.

सूनबाई सलाईनकडे बघत होती. मी म्हटलं, "आता खरंच येऊ नकोस."

मग म्हणते, "वहीत लिहिलंत हे?"

"नाही."

"लिहा. आधीचं लिहिलंत म्हणून पोरगी वाचली. हेही लिहा."

लिहिलं.

३० मार्च, सोमवार

फौजदारचं पातेलं वेगळं केलंय. रोज अर्धा तास उकळते. वास येतो, येऊ दे. शिंपीण विचारते, "कुणासाठी एवढी मेजवानी?" म्हटलं, "फौजदारसाहेबांसाठी." फोन मात्र लेकच करतो. सूनबाईचा नाही.

५ एप्रिल, रविवार

सूनबाईचा फोन! पुढच्या रविवारी, बारा तारखेला येतायत. भिंगरीला महिनाभर माझ्यापाशी ठेवून जाणार. म्हणाली, "आई, चादरी आणत नाही. तुमच्याच धुऊन ठेवा."