हाताने दाबून धरायचं मशीन

६ जानेवारी, रेणापूर

पोचले एकदाची. नांदेडहून लातूर, लातूरहून रेणापूर, आणि एसटीत शेजारणीच्या मांडीवर शेळीचं करडू. तरी आज मन खुशीत आहे. तीन महिने इथे काढायचे, अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि एप्रिलमध्ये मस्कतच्या हॉस्पिटलात रुजू व्हायचं. आता फक्त हातांची प्रात्यक्षिक परीक्षा राहिली आहे, चौदा फेब्रुवारीला, व्हिडिओवर. त्याची मला काळजी नाही. फिजिओथेरपीच्या अख्ख्या वर्गात माझ्यासारखे हात कुणाचे नव्हते.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पलंग, गुडघ्यावर मारून बघायची हातोडी आणि नसांना, स्नायूंना करंट द्यायचं मशीन. मालक डॉक्टर लातूरला असतात, आठवड्यातून एकदा उगवतात, म्हणजे इथली राणी मीच. मदतीला साखराबाई आहे, साठीची, बोलायला कंजूष. तिने माझी बॅग उचलली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. बांगड्या नाहीत म्हणून असेल.

८ जानेवारी

पेशंट म्हणजे एकेक नमुने आहेत. दहापैकी किती दुखतं, आकडा सांगा म्हटलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, लई. किशनराव नावाचे एक आजोबा आहेत. डाव्या कंबरेपासून टाचेपर्यंत तीस वर्षं आग होते म्हणे. तीस वर्षं आग होणारा माणूस दर साली सोयाबीन कसा पेरतो, ते मात्र सांगत नाहीत. त्यांच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी 'नाटक' असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत अशी अकरा नाटकं झाली.

मशीनच्या चकत्या अंगावर घट्ट बसवायचे रबरी पट्टे गायब आहेत. साखराबाई म्हणाली, जुने डॉक्टर चकत्या हातानंच दाबून धरायचे, लोकांना तेच बरं वाटतं. म्हणजे मी पंधरा-पंधरा मिनिटं या लोकांच्या घामट पोटऱ्या धरून बसायचं. नवे पट्टे ऑनलाइन मागवले.

१३ जानेवारी

किशनराव ठणठणीत. पहिल्या दिवशी हातोडी मारली तेव्हा त्यांचा डावा पाय ढिम्म हलला नव्हता, आज चेंडूला लाथ मारावी तसा उडाला. तुळजाबाईचा खांदाही मोकळा झाला. दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने अंबाडा घातला आणि भोकाड पसरलं. एका अंबाड्यासाठी एवढं रडतात ही माणसं. मी तिला समजावलं की करंटने दुखणं जात नाही, फक्त त्याची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही. तर मला विचारते, "मग ती बातमी कुणाकडं जाती, बाई?" यांना शास्त्र सांगायला जाणं हाच मूर्खपणा.

लोक रोज दोन डबे आणतात, एक मला आणि एक जुन्या डॉक्टरांना. तो राजशेखर, माझ्या आधीचा, तर कधीच नोकरी सोडून गेला. दुसरा डबा साखराबाईच हाणत असणार, दुपारी एकला तो घेऊन घरी जाते.

२१ जानेवारी

डाव्या कंबरेतून टाचेपर्यंत चमक निघते आहे. या पलंगाची उंचीच चुकीची आहे, दिवसभर वाकून काम केल्यावर दुसरं काय होणार. पट्ट्यांचं पार्सल मिळाल्याचा मेसेज आला, पण साखराबाई म्हणते काही आलं नाही. कुरिअरवालेही चोर.

तिची नात शाळेतून येऊन टेबलावरची कार्डं चाळत बसली होती. हाकलून दिली.

२७ जानेवारी

गंमत म्हणून स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. तीनदा मारली.

सकाळी वेणी घालायला हात वर जाईना. खांद्यात कुणी पाचर ठोकल्यासारखं. साखराबाईने न विचारता वेणी घातली.

३० जानेवारी, लातूर

नसांची तपासणी करून घेतली. मनगटाला, कोपराला करंट देतात आणि नसेचा वेग मोजतात. डॉक्टर माझ्याच वयाचा, शर्टाला इस्त्री, तोंडाला नाही. दहापैकी किती दुखतं विचारलं. मी खूप म्हटलं. त्याने आकडा मागितला. मला आकडा सांगता येईना.

वेग नॉर्मल. त्याने हातोडी मारली तर पायसुद्धा उडाला, हरामखोर पाय. लग्नाचं टेन्शन आहे का, असं हसत विचारलं आणि कागदावर लिहिलं, दुखणे मानसिक. असल्या गाढवांना पदव्या कोण देतं.

एसटी स्टँडवर रडले. सगळ्यांसमोर.

३ फेब्रुवारी

मशीन बंद आहे. वायर मी स्वतः भिंतीतून काढली. तरी उजवा अंगठा उडतो आहे, सेकंदाला एकदा, मशीनवर मी लावते त्याच वेगाने. परीक्षेला अकरा दिवस राहिले.

आज कुणाला हात लावणार नाही म्हणून सांगितलं. तुळजाबाई नुसती बसून राहिली, गुडघा पुढे करून. मी हात पाठीमागे धरले होते. मग बघते तर उजवा हात तिच्या गुडघ्यावर. मी ठेवला नव्हता. मी नाही ठेवला.

५ फेब्रुवारी

दुपारी डब्याच्या मागे गेले. साखराबाईचं घर दवाखान्याला लागूनच आहे. आत खाटेवर राजशेखर. हातपाय काळ्या रबरी पट्ट्यांनी खाटेला बांधलेले, तरी खाट खडखडत होती. साखराबाई त्याला वरणात कुस्करलेली भाकरी भरवत होती. मला बघून त्याने एवढंच विचारलं, "हात ठेवला का?"

शेजारी दुसरी खाट. धुतलेली चादर. उशीवर माझं पार्सल, न फोडलेलं.

मी साखराबाईला चोर म्हटलं, अडाणी म्हटलं, तोंडाला येईल ते बोलले. ती भरवत राहिली. मग सावकाश म्हणाली, दुखणं जात नसतं, हात ठेवणारं कुणीतरी ते घेतं. जुन्या डॉक्टरांनी जाणून घेतलं, तुमच्यावर ती पाळी येऊ द्यायची नव्हती.

"पट्टे आले त्याच दिवशी देणार हुते, बाई. पर त्याच दिवशी नातीनं तुमची 'नाटक' लिवलेली कार्डं वाचून दाखवली."

६ फेब्रुवारी

नांदेडला घरी जायला अहमदपूरची गाडी साडेनऊला. स्टँडपर्यंत दहा मिनिटं — उंबऱ्यापर्यंतच गेले. पाय —

सगळं येतं आहे, एकदम. एकेकाचं वेगळं ओळखू येतं. टाचेतली आग किशनरावांची. खांदा तुळजाबाईचा. अकरा जणांची अकरा — कार्डं मागवली, 'नाटक' खोडायला. पेन धरवत नाही. एकच खोडता आलं.

७ फेब्रुवारी

खाटेवर. पेशंटांनीच उचलून आणलं, जपून. मूर्ख माणसं, पाया पडतात, डबे ठेवतात.

किशनराव आले. ताठ चालत. खाटेजवळ टेकले आणि विचारलं, "लई दुखतं का, बाई?"

मी म्हटलं, लई.

त्यांनी मान हलवली. एकदाही आकडा विचारला नाही.

साखराबाई पार्सल फोडते आहे. डावा हात झाला. पट्टा गार आहे. लिहिता हात शेवटी बांधते म्हणाली, तेवढी — अंगठा — मस्कतला कुणीतरी कळवा, माझे हात —