पाचव्या खांबाचा हिस्सा

मी, सत्यभामाबाई भ्रतार अर्जुनराव जायभाये, वय शहात्तर, धंदा हॉटेल, राहणार मौजे वडाळी, तालुका देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डावा कान तेवढा गेला आहे. कोणी धाक घातला म्हणून हे लिहीत नाही. धाक घालण्याचा हक्क एकाच माणसाला होता; ते आठ वर्षांपूर्वी वारले आणि त्यांनी तो कधी वापरला नाही.

१. मिळकत. रस्त्याकडेचं आमचं शेतातलं घर, ज्याला लोक 'बाराखांबी हॉटेल' म्हणतात, ते पतींनी बक्षीसपत्रानं माझ्या नावे केलेलं आहे. बारा सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, वर मातीचं माळवद. खांबाचं डोकं तासून तुळईच्या भोकात बसवलेलं. सबंध सांगाड्यात एक खिळा नाही. भिंती नुसत्या आडोशाला. एक्क्याऐंशी साली हॉटेल काढताना पुढची भिंत पाडली, तरी छत हललं नाही. त्यावरून आम्हा नवराबायकोला वाटलं की सुतारकी आपल्यालाही कळते.

२. पाचवा खांब. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे. भट्टीपाशी बसलं की पाचवा खांब मध्ये यायचा आणि कोपऱ्यातली बाकडी दिसायची नाहीत. मी रोज कटकट करायची. गावचे सुतार शालिग्राम भाऊजी म्हणाले, "वैनी, भिंती साऱ्या पाडा, पण खांबाले हात लावू नका. घर त्याच्यावर उभं हाये." त्यांनी नकार दिला, म्हणून ते सोयरिकीला गेलेले असताना आम्हीच तो कापला. दुहाती करवत होती. एक टोक अर्जुनरावांच्या हातात होतं, दुसरं माझ्या.

सागवान तीन वर्षं तग धरून राहिलं. चौऱ्याऐंशीच्या भादव्यात, माळवद भिजून जड झालेलं असताना, भरदुपारी तो कोपरा खाली आला. अर्जुनरावांचा पाय तुळईखाली सापडला. गाव गोळा झालं, हे कसं झालं म्हणून विचारू लागलं. त्याच उन्हाळ्यात भाऊजींनी छताच्या दोन कड्या बदलल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "शालिग्रामनं काम कच्चं केलं." खांब काढून तीन वर्षं काही झालं नव्हतं, म्हणून गावाला ते पटलं. अर्जुनराव शुद्धीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

हे खोटं होतं. मी ते बोलले, माझ्या तोंडानं बोलले, आणि मला त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी भाऊजी बैलगाडी घेऊन आले. स्वतःच्या नव्या घरासाठी तासून ठेवलेला सागवानी खांब त्यांनी उतरवला, तुळईला टेकू दिले आणि खांब बसवला. आमच्यात खांब उभा केला की त्याला हळदकुंकू लावतात आणि सुताराला धोतर-टोपीचा आहेर करतात. मी आहेर केला नाही. करायला गेले असते तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. ते पाणीही न पिता गेले. पुढं गावात कोणी त्यांना काम दिलं नाही. वर्षभरात ते बिऱ्हाड घेऊन मलकापूरला गेले आणि लाकडाच्या वखारीत मजुरीला लागले. अर्जुनराव मरेपर्यंत लंगडले, पण रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी त्या खांबाला हात लावायचे. मी कधी लावला नाही.

३. घराची वाटणी. घर मुलगा ऋत्विक याला. परंतु त्यानं सांगाडा विकायचं मनात आणलं आहे, हे मला ठाऊक आहे. गोकुळ नावाचा जुन्या लाकडाचा व्यापारी चहा पिता पिता माझ्या खांबांना टेप लावून गेला. सांगाडा सोडवून शहराकडच्या कुठल्या रिसॉर्टात उभा करणार म्हणे. पाचवा खांब आपला नाहीच, तो कसा विकणार? वकील अनुपमाताई म्हणाल्या की एका खांबाची वेगळी मालकी कागदावर टिकायची नाही. मग खांब बारा आहेत तर घराचा बारावा हिस्सा शालिग्राम भाऊजींना, त्यांच्या पश्चात त्यांची नात मयुरी हिला. त्यांच्या संमतीशिवाय एकही खांब हलवू नये. ऋत्विक, रागावशील. खुशाल रागाव.

४. भजीची मोठी कढई, झारे आणि भट्टीवर बसायचा हक्क हॉटेलात भजी तळणाऱ्या सिंधूताईला. सव्वीस वर्षं तिनं माझी बोलणी खाल्ली. बँकेतलं जे असेल ते नात ओवीच्या शिक्षणाला.

५. गोकुळला माझ्या तेराव्याला पोटभर जेवू घालावं. टेप बाहेर ठेवायला लावावी.

६. दुहाती करवत माळ्यावर गोणपाटात आहे. ती भट्टीसमोर टांगावी आणि कोणी विचारलं तर खरं सांगावं.

७. खोटं चारचौघांत बोलले, म्हणून वरची सहा कलमंही आज सकाळी हॉटेलात, भरल्या बाकड्यांसमोर अनुपमाताईंकडून वाचून घेतली; हे सातवं त्यानंतर लिहिलं. मयुरी आजोबांना घेऊन आली होती. मी धोतर-टोपी पुढं केली. भाऊजींनी ती मांडीवर ठेवली आणि खांबाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी या घरातलं काही तोंडात घातलेलं नाही. मग म्हणाले, "वैनी, चहा ठेवा आता."

चहा मी स्वतः उठून केला. त्यामुळे खालच्या सहीला चहाचा ओघळ लागला आहे. सही माझीच आहे.

सत्यभामाबाई अर्जुनराव जायभाये

साक्षीदार, ज्यांनी वरील सही समक्ष पाहिली:
१. भालचंद्र केशवराव देशपांडे, निवृत्त शिक्षक
२. प्रतिमा संजय काकड, अंगणवाडी सेविका

ठिकाण: बाराखांबी हॉटेल, पाचव्या खांबाजवळ, मौजे वडाळी
दिनांक: ९ जानेवारी २०२५