पोसलेल्या पालीचा दोष नाही

अण्णा, आज सकाळी दादाच्या डाव्या खांद्यावर पाल पडली. माटुंग्याला, त्याच्या घरी, इस्पितळात जायला म्हणून चपला घालत होता तेव्हा. पुरुषाच्या डाव्या अंगावर पाल पडणं वाईट, हे पंचांगात तुमच्या वेळीही छापत, अजूनही छापतात. पालींनी तेवढं वाचलेलं नाही. दादाच्या पोटाची आज शस्त्रक्रिया आहे. साठीला टेकलाय, पण दाढी करून, शर्ट खोचून असा निघाला म्हणे, जणू लग्नाच्या आहेराचं कापड दाखवायला चाललाय. त्याच्या मुलाने बजावलंय, "तिथे गर्दी नको, मी फोन करतो." म्हणून वहिनी माटुंग्याला बसलीये आणि मी इथे गिरगावात, आपल्याच खोलीत. केर काढून झाला, तोच पुन्हा काढून झाला. आता तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्याशी बोलताना फोन अडकून पडत नाही.

तुमच्या दोन पाली आठवतात ना? चाळीतले लोक हसत, माणसं पोपट पाळतात, हे पाली पाळतात. एकीची शेपटी दारात सापडून तुटली आणि तेव्हापासून तुम्ही दोघींचा संसार चालवायला घेतलात. कचेरीतून आलात की कोट खुंटीला, आणि तांदळाच्या डब्यातलं एखादं पाखरू चिमटीत. खराट्याचा हीर टोकाला चिरून त्यात पंख अडकवायचा आणि तो भिंतीशी हळूहळू हलवायचा, कारण न हलणाऱ्या अन्नाकडे पाल बघतसुद्धा नाही. वाटीतलं पाणी ती पीत नाही, म्हणून संध्येच्या पळीने भिंतीवर चार थेंब. ते ती चाटायची, डोळेही चाटून घ्यायची. आई म्हणायची, "पितरांना पाणी देताना एवढा जीव कधी ओतला नाहीत!" मात्र पाल चुकचुकली की आईचं बोट जमिनीवर टकटक करायचं आणि तोंडाने कृष्ण कृष्ण. माझ्या लेखी तो अडाणीपणा. मी तुमच्यापाशी संस्कृत शिकत होते ना.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. दादा हिंदमाताला कापडाच्या दुकानात नोकरीला. त्या सकाळी निघताना चौकटीवरून ती तुटक्या शेपटीची त्याच्या डाव्या खांद्यावर पडली. "आई, हिचाही पाठिंबा आहे बघ!" असं म्हणत त्याने तिला झटकली आणि गेला, दुकानात नाही, मोर्च्याला. दुपारी कळलं, फोर्टात गोळीबार झाला. मग संचारबंदी. रात्र गेली, दादा नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला अजून दिसते. खाली शिपायांचे बूट वाजतायत, कुठल्याशा गच्चीवरून "झालाच पाहिजे" ऐकू येतंय, अश्रुधुराने डोळे चुरचुरतायत. आणि आई स्वयंपाकघरात खराटा उचलून उभी आहे.

"अहो, बाजूला व्हा. आज मी एकीलाही ठेवत नाही."

"थांब जरा. शास्त्र काय म्हणतं बघू."

"बघितलं मी पंचांग. डावा खांदा. त्याच्यापुढचं मला वाचवलं नाही."

तुम्ही चष्मा पुसलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "गृहे पोषितपल्ली या न सा दोषाय कल्पते."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात पोसलेल्या पालीचा दोष लागत नाही. पंचांगातलं फळ ते परक्या पालीचं. घरचं माणूस काय अंगावर पडतं? ते अंगाखांद्यावर येतं."

अख्ख्या पंचांगात असली ओळ नाही हे मला ठाऊक होतं. वृत्तात मात्र कुठे नख लावायला जागा नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही डोळे वटारलेत. "तू पाखरं धर."

आई हलली नाही. "पोसलंय तुम्ही. मी कुठे पोसलंय? मुलगा माझाही आहे ना?"



मग आईनेच खराट्यातून एक हीर ओढला. आधी दूधभात देऊन पाहिला. "अगं, ती काय मांजर आहे?" तुम्ही म्हणालात. मग ती तांदळाच्या डब्याशी बसली. आदल्या दिवसापासून तिचे हात सारखे काहीतरी उचलत होते आणि ठेवत होते, ते पहिल्यांदा थांबले. तुम्ही पळी घेऊन शेजारी उभे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तुम्ही आदल्या संध्याकाळपासून अंगातला कोट काढलाच नव्हता.

दुपार कलताना दादा आला. परळच्या एका गिरणी कामगाराच्या खोलीत रात्र काढून, गल्लीबोळांतून. मनगट सुजलेलं, शर्टाची बाही फाटलेली. दारातून म्हणाला, "आई, भूक लागलीये."

"थांब रे," आई मागे न बघता म्हणाली, "तिने आत्ता कुठे तोंड उघडलंय."

पालीने पाखरू घेतलं. मगच आईच्या हातातला हीर पडला, आणि ती रडली.

आज वहिनीचा फोन आला तो रडतच. "वन्सं, डावा खांदा हो!" मी इतकी वर्षं पोरांना संस्कृत शिकवलं, अंधश्रद्धेवर त्यांच्याकडून निबंध लिहून घेतले. पण मुखातून निघालं काय, तर तुमची ओळ. अर्थासकट.

"कुठल्या ग्रंथातलं हो हे?"

"आमच्या घरच्या."

ती म्हणाली, "पण मी कुठे पोसलीये तिला?" मी म्हटलं, "अजून वेळ आहे," आणि हीर, पाखरू, पळी सगळं सांगितलं. मघाशी तिचा पुन्हा फोन येऊन गेला. "वन्सं, दूधभात खात नाही हो ही!"

इस्पितळातून अजून काही नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, पण वहिनीच्या हाती पडता कामा नये. म्हणून फोन आला की फाडून टाकीन. तेवढ्यात एक सांगते. वहिनीला तुमची ओळ अपुरी वाटेल म्हणून त्या ओळीला शस्त्रक्रियेपुरती एक ओळ मी फोनवरच जोडली. तीत एक अक्षर जास्त झालंय. मघापासून टेबलावर माझं बोट टकटक वाजतंय ते अक्षरं मोजायला, असं लिहिणार होते. पण अक्षरं मोजताना कृष्ण कृष्ण कशाला म्हणावं लागतं, अण्णा?