निळं दार, वरचा मजला

मंगळवार
पोचले एकदाची! ताई दारात उभी होती, म्हणजे आधी पोट आणि मागून ताई. मी तसं म्हटल्यावर तिने माझ्याच पिशवीने मला मारलं. भाऊजी जहाजावर आहेत, ते महिन्याने येतील. तोवर बाळंतपण माझ्या गळ्यात. खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. चढावरचं घर, जिना बाहेरून आणि वर निळं दार. खाली घरमालक मास्तर आणि काकू राहतात.
एक गोष्ट मात्र बरी नाही. मूल आडवं आहे. कळा सुरू झाल्या की लगेच दवाखान्यात आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आणि या वस्तीत अँब्युलन्सला घर सापडत नाही. फोनवरच्या नकाशात इथे एक रस्ता, एक गल्ली आणि बाकी कोरा कागद. आता नकाशे काढणाऱ्या हौशी मंडळींच्या गटात मी नुकतीच शिरलेय, तर म्हटलं, शिकायचंच तर ताईच्या दारापासून शिकू.

बुधवार
काम तसं सोपं आहे. वरून घेतलेल्या फोटोत छप्पर शोधायचं, चार कोपऱ्यांवर टिचक्या मारायच्या, झालं घर. माझी पहिली सहा घरं वाकडी आली. ताई म्हणाली, भूकंप झालाय वाटतं.
मग फोन हातात धरून गल्ल्या फिरले. इथली माणसं मात्र कमाल आहेत. शिंप्याचं दुकान विचारलं तर एकाने खाली धाडलं, दुसरीने वर. शेवटी मी दुकानासमोरच उभी होते आणि खुद्द शिंपी मला सांगत होता की दुकान पलीकडे आहे! घरांवर पाट्या नाहीत. कोण कुठे राहतं ते कोणी सांगत नाही. कोणाला काही विचारायची सोय नाही.

गुरुवार
आज खालची गल्ली सापडली. दवाखान्याकडून तिथून आलं तर रस्ता निम्म्याने कमी होतो, तरी सगळी वस्ती वळसा घालून जाते. घरं रिकामी, कुलपं गंजलेली. एका उंबऱ्यापुढे तेवढं झाडलेलं होतं आणि दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. राहत असेल कोणी.
ही गल्ली नकाशात आधीपासून आहे, आणि काढणाऱ्याचं नाव पाहिलं तर आमचे मास्तर! पण रेघ आमच्या रस्त्याला टेकायच्या जरा आधीच सोडून दिलेली. नवशिके असंच करतात म्हणे. रेघा जुळल्या नाहीत तर फोनला वाटतं की इथून जाताच येत नाही. मी दोन टोकं जोडली. घर टाकलं, खाली लिहिलं: निळं दार, वरचा मजला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला भेटून हाच नकाशा त्याच्या फोनवर लावून दिला. दवाखान्यापासून सरळ आमच्या जिन्यापर्यंत रेघ! अशी खूश झाले की ताईला नाचून दाखवलं.

शुक्रवार
सकाळीच मास्तर वर आले. तोंड पांढरंफटक. म्हणाले की टोक चुकून राहिलं नव्हतं, त्यांनी मुद्दाम सोडलं होतं, आणि आत्ताच पुन्हा तोडून आलेत. मी चिडले. मग काकूंनी मला खाली नेऊन सांगितलं. त्या गल्लीत एक सुईण होती. हाताला यश असं की अडलेली बाई हमखास सुटायची. पण तिचं स्वतःचं नातवंड गेलं, आणि त्यानंतर तिने सोडवलेलं मूल ती आईच्या हातात देईना. लोकांनी गल्ली सोडली. ती तिथेच मेली. पण वस्तीत बाळंतपण असलं की तिला अजून कळतं. फक्त वाट माहीत नसते. ती कोणीतरी दाखवावी लागते, म्हणून इथे कोणी दाखवत नाही.
मी हसले. वर येऊन रेघ पुन्हा जोडली. मूल आडवं आहे आणि सुईण मेलेली आहे, यातलं कशाला घाबरायचं ते मला कळतं.

शनिवार
दुपारी कोपऱ्यावरच्या सुतारणीला एका म्हातारीने विचारलं म्हणे, निळं दार कुठलं. हिने तोंड उघडलं नाही. म्हातारी म्हणाली, असू दे, जवळच आहे.
आमच्या दोरीवर एक दुपटं वाळत होतं. ओलं. ताई म्हणते तिचं नाही. माझंही नाही.

रविवार
ताई दुपारी झोपली होती. उठल्यावर म्हणाली, तुझे हात किती गरम गं, आणि तेल कुठलं लावलंस, काय छान चोळलंस पोट. मी तर दुकानात गेले होते. बाहेरून कुलूप लावून.
तिला तपासून आणलं. मूल सरळ झालंय. डॉक्टरीणबाई खूश. ताई आनंदाने रडली. मी घाबरलेय, फार घाबरलेय, आणि तिला सांगता येत नाही.

सोमवार
रेघ तोडली. गल्ली पुसली. घर पुसलं. मास्तर म्हणाले, दाखवलेली वाट पुसता येत नाही. तरी रंग घेऊन आले. दोघांनी मिळून दार पांढरं केलं.
जिन्यावर तेलाचा वास —

मंगळवार
कळा सुरू झाल्यात. फोन केला. ड्रायव्हर म्हणतो नकाशात आता काहीच दिसत नाही, खालीच फिरतोय. मीच पुसलं. मीच! मास्तर रस्त्यावर धावलेत त्याला आणायला.

लिहितेय म्हणजे मान खाली राहते, माझं तोंड ताईला दिसायला नको —

ड्रायव्हरचा फोन. म्हणतो काळजी नको, खालच्या गल्लीत एक आजी भेटल्या, त्यांना घर माहीत आहे, शेजारी बसल्यात, वाट दाखवतायत. मी ओरडले, तिला उतरवा. म्हणाला, अहो, पोचलो की. त्या केव्हाच वर गेल्या.

दाराला पाठ लावून बसलेय. कडी लावलीय. कोणी आलं नाही. कोणीच —

आतल्या खोलीतून गरम पाणी मागतायत. आवाज ताईचा नाही.

मी दारापाशीच, कडी धरून.

बाळ रडलं. देवा, बाळ रडलं. ताई हसतेय. म्हणतेय, दे ना. माझ्याकडे दे. अगं, दे ना माझ्या —