अर्थिंगखालचा रंग

२३ सप्टेंबर, मंगळवार

नाही म्हणजे नाही! विंचचं काम अब्बांनी मला दिलं नाहीच. दीनानाथकाका त्यांच्या टोइंगच्या ट्रकवर बंद गाड्या दोरानं वर ओढणारा इलेक्ट्रिक विंच बसवून घेतायत. गाडीला नवा रंगही दिलाय. खंडेनवमीला पूजा करून कामाला लावायची म्हणे. मी म्हटलं, "अब्बा, वायरिंग मी करते." तर म्हणाले, "मिसबा, तू स्कूटरचे हॉर्न बघ." आयटीआय केलं ते हॉर्न बघायला! खडकीत सगळे म्हणतात, मैनुद्दीनभाईंची पोरगी दुकान सांभाळणार. मैनुद्दीनभाईंना कोण सांगणार?

२५ सप्टेंबर

बुधवार पेठेतून जाड केबल उचलून आणली. हमाली मात्र मला जमते!

२७ सप्टेंबर

विंच बसला. अब्बा एकटेच ट्रकखाली. मी विचारलं, "अर्थिंगची वेगळी केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेऊ का?" "चॅसीला बोल्ट मारलाय, बास." टॉर्च धरायला गेले तर खेकसले — डोळ्यावर मारू नकोस. वजन न लावता चालवून बघितला, तर दोर सरसर गुंडाळला. काकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, रागारागात.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. विंचला झेंडूचा हार, पान्यांना हळदकुंकू. नारळ फोडायचा मान दरवर्षी अब्बांचाच. पहिला घाव चुकून थेट जमिनीवर! सगळे हसले. अब्बाही हसले.

३ ऑक्टोबर

व्हायचं तेच झालं. वाघोलीत बंद पडलेली मोटार ओढताना विंच मध्येच थांबला. मोटार निम्मी ट्रकवर, निम्मी रस्त्यावर. एक आजोबा काकांना म्हणाले, "चढवताय की उतरवताय, एकदा ठरवा." कुणाला लागलं नाही, अल्लाची मेहेरबानी.

लोकांनी मोटार ढकलून वर चढवली, मग काका ट्रक दुकानात घेऊन आले. अर्थिंगचा बोल्ट मी काढला — खाली नवाकोरा निळा रंग! रंगावरच वायर आवळलेली. करंटला लोखंड मिळणार कुठून? तापून रंगाला फोड आलेले. आधी रंग खरवडायचा, लोखंड चकचकीत करायचं, मग बोल्ट मारायचा — हे मला अब्बांनीच शिकवलंय ना!

काका चहा सांगायला गेले तसं मी विचारलं, "अब्बा, हे काय काम झालं?" म्हणाले, "दीनानाथ म्हणाला होता, पूजेआधी रंगाला ओरखडा नको."

इतकी भडकले! "गिऱ्हाइकाचा रंग जपायला माणूस चिरडायचा का?" शेजारचे दुकानदार ऐकत होते. अब्बा मान खाली घालून पाना पुसत राहिले.

घरी अम्मी एवढंच म्हणाली, "जरा हळू बोलायचं होतंस."

४ ऑक्टोबर

सगळं मी केलं. रंग खरवडला. वेगळी केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. मग तीच मोटार खाली उतरवून परत ओढून बघितली — बिनबोभाट वर! काकांनी पाठ थोपटली. वाटलं होतं, अब्बा काहीतरी म्हणतील. ते समोरच्या बाकावर बसलेले. मोटार डोळ्यांसमोर वर चढली, आणि विचारतात काय — "चढली का?" टोमणाच तो! एवढं कसलं मन छोटं करायचं? बोललेच नाही दिवसभर.

५ ऑक्टोबर, रविवार

काका भेटले. न राहवून म्हटलं, "तुमच्या रंगापायी अब्बांनी माझी बोलणी खाल्ली." काका म्हणाले, "माझ्या? अगं, मीच रंगाचा डबा ठेवून गेलो होतो. म्हटलं, मैनुद्दीनभाई, खुशाल खरवडा, मागून हात मारून घेऊ!"

मग अब्बा खोटं का बोलले? तरातरा घरी आले. भर दुपार, लख्ख उजेड. अब्बा दारातच खुर्ची टाकून बसलेले. विचारायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनीच मान वर केली. माझ्याकडेच बघत होते.

आत अम्मीला हाक मारून म्हणाले, "कोण? नूरबानू, मिसबा आली का गं?"