माणशी एक बाटली

स्टॅव्हँगर, नॉर्वे,
११ जून

प्रिय पिप,

तू बरी असशील, छोट्या टॉबीचा खोकलाही गेला असेल. मी मजेत आहे. इथे सकाळचं पचायच्या आत दुपारचं पुढ्यात येतं. अंधार म्हणून पडत नाही, पडदे ओढून झोपावं लागतं. बोटीवरची केबिन छान आहे, गादी मात्र फार मऊ. कंबरेचं दुखणं असलेल्या माणसाचे हालच.

तू दिलेली बाटली सुखरूप आली. कशी आली ते सांगायलाच खरं तर बसले आहे.

साउथहॅम्प्टनच्या बंदरावर सामान तपासताना तिथला पोरगेला शिपाई म्हणाला, "बाई, माणशी एकच बाटली न्यायची. तुमच्याकडे दोन आहेत. एक इथेच सोडावी लागेल."

एक तुझी, म्हणजे बाबांची. फ्रान्समधल्या कॅलेहून फेरीबोटीने आणलेली लाल वाइन, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी जपलेली. दुसरी मी विकत घेतलेली, साधी पांढरी वाइन. बाबांना पांढरी चालायची नाही, म्हणून आपल्या घरात ती कधी आलीच नाही.

मागून चर्चमधल्या मिसेस पार्जिटर म्हणाल्या, "अगं, लेनर्डची ने! त्यात विचार कसला करतेस?"

पण मी करत होते विचार. दोन बाटल्यांवर दोन हात ठेवून उभी होते आणि एकही हात उचलवत नव्हता.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "दुसरी माझ्या वाट्याची धरा हो. आम्ही दोघं बरोबर आहोत."

ग्विलिम. बाबांच्या भाजीच्या वाफ्याला लागून कांदे लावणारा. लहानपणी तू ज्याला काका म्हणायचीस आणि गेल्या नाताळात ज्याला दारातूनच परत पाठवलंस, तोच. चढेपर्यंत लांब लांब उभं राहायचं आमचं ठरलं होतं. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, आणि शाळेतल्या पोरांसारखी लपवाछपवी! मिसेस पार्जिटरांचा वासलेला आ मी विसरणार नाही. पत्र पोचायच्या आधी त्यांचा फोन तुला आलेला असणार. मी एकटी चाललेय असं तू धरलंस आणि मी धरू दिलं.

काल तो वाढदिवस होता. तू सांगितल्याप्रमाणे जेवताना बाबांची बाटली काढली. इथे आपली बाटली उघडायचेही पैसे घेतात. ग्विलिम वेटरला म्हणाला, "बाटली आमची, पिणार आम्ही, मग पैसे कशाचे? बूच ओढायचे?" तो बिचारा हसला आणि ओतून गेला.

पिप, नुसता व्हिनेगर होता. ठसका लागला मला.

"मी लेनर्डला सतरांदा सांगितलं होतं," ग्विलिम म्हणाला, "बॉयलरच्या कपाटात नको ठेवूस. तर म्हणतो, थंडीत गारठेल रे ती!"

अगदी बाबाच! आम्ही इतके हसलो की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. आणि हसता हसता मी रडायला लागले, सगळ्यांच्या देखत. दफनाच्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. त्याबद्दल तू मला विचारलंही होतंस. ग्विलिमने आपला ग्लास तळापर्यंत संपवला, तो व्हिनेगर.

बाबांवर असं हसायला आणि असं रडायला मला दुसरं कोण आहे सांग? त्यालाही ते आठवतात. त्याचाही मित्र गेलाय.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी बोट लागेल. तू गाडी घेऊन येणार आहेस. ग्विलिम म्हणतो, "मी गुपचूप ट्रेनने जातो, उगाच तमाशा नको." मी नाही म्हटलं. आम्ही एकत्र उतरणार. तुला बघवणार नसेल तर येऊ नकोस, आम्ही दोघं ट्रेनने जाऊ. मी रागावणार नाही, पण मला वाईट वाटेल, फार वाईट.

सप्टेंबरमध्ये तो माझ्याकडे राहायला येतोय. ते ठरलं आहे, त्याला तुझी परवानगी मागत नाहीये.

मला तू हवी आहेस, पिप.

बाबा गेले. मी अजून आहे.

तुझीच,
आई